घरातलं विष कमी करायचंय? सुरुवात बाथरूमपासून करा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपती आठवड्यावर आले होते आणि आई बाथरूम घासत होती. आमच्याकडे बोअरचं पाणी येतं त्यामुळे फरशीवर पिवळे डाग पडतात, ते काही केल्या जाईनात म्हणून तिने आधी टॉयलेटचं ॲसिड ओतलं, तरी जाईनात म्हणून वरून ब्लीचिंग पावडर टाकली, आणि वास घरभर नको म्हणून दार लोटून घेतलं. मी ओट्यापाशी भाजी चिरत होते, एकदम स्विमिंग पूलसारखा पण त्याच्या दसपट तिखट वास आला. धावत गेले तर आई उंबऱ्यात बसलेली, डोळ्यातून घळाघळा पाणी, खोकला थांबत नाही आणि श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येतोय. तिला गॅलरीत नेलं, डोळ्यांवर पाणी मारलं आणि रिक्षा करून हॉस्पिटल गाठलं, चार तास ऑक्सिजन लावून ठेवला होता.

तो क्लोरिन गॅस होता. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की तो तयार होतोच. पहिल्या महायुद्धात 1915 मध्ये खंदकांमधल्या सैनिकांवर हाच गॅस सोडला होता, आणि आपण तो चार बाय सहाच्या बाथरूममध्ये दार लावून तयार करतो. आईने आयुष्यभर घर स्वच्छ ठेवलं, तिची यात काहीच चूक नव्हती, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी हे लिहितेय. तेव्हापासून मी घरातली एकेक बाटली, डबा, पुडी उलटीसुलटी करून वाचायला लागले. त्यातून जे कळलं आणि जे आम्ही खरंच बदललं तेवढंच सांगते.

पहिला नियम हा की साफसफाईची दोन औषधं कधीच एकत्र करायची नाहीत. ब्लीचसोबत ॲसिड नाही, ब्लीचसोबत अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड नाही, आणि हे खूप जणांना माहीत नसतं पण ब्लीचसोबत व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व पण नाही. एक वापरलं की भरपूर पाण्याने धुवायचं, दुसरं वापरायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी. दार उघडं, खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू. आणि तरीही कधी असा वास आलाच तर साफ करत बसू नका, बाहेर या, मोकळ्या हवेत बसा, डोळे पंधरा मिनिटं साध्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जाच, कारण क्लोरिनचा त्रास कधीकधी काही तासांनी वाढतो.

खाऱ्या पाण्याच्या डागांना आता आम्ही नुसतं लिंबूसत्त्व वापरतो, किराणा दुकानात सुटं मिळतं. दोन चमचे अर्ध्या तांब्या गरम पाण्यात विरघळवायचं, डागावर ओतून वीस मिनिटं ठेवायचं आणि घासायचं. एका फेरीत सगळं जात नाही, तीन-चार आठवडे केलं की फरक दिसतो. मार्बल असेल तर मात्र नको, मार्बल खराब होतो.

सायकलवर किंवा हातगाडीवर फिनेल-ॲसिड विकायला येतात ना, कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटल्यांमध्ये भरून, ते घेणं बंद करा. त्यावर लेबल नसतं, आत किती कडक ॲसिड आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि लहान मुलाला ती सरबताची बाटलीच वाटते. रॉकेल, थिनर, ॲसिड यातलं काहीही पाण्याच्या बाटलीत काढून ठेवायचं नाही म्हणजे नाही, अगदी पाच मिनिटांसाठी पण नाही.

आणि वासाबद्दल जरा. फिनेलचा वास आला की घर स्वच्छ झालं असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. स्वच्छतेला वास नसतो. फरशी साध्या पाण्यात थोडा साबण घालून पुसली तरी निघते. रांगणारं बाळ घरात असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण त्याचं नाक फरशीपासून वीतभर असतं आणि हात दर मिनिटाला तोंडात.

आता धूर.

मच्छर कॉइलचं पॅकेट बघून काही वाटत नाही, पण 2003 मध्ये आलेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना जेवढे बारीक कण सोडते ते 75 ते 137 सिगारेटींच्या बरोबरीचे निघाले होते. एक कॉइल. आणि आपण ती पलंगाखाली ठेवून, खिडक्या बंद करून मुलांना झोपवतो. मला हे कळलं त्या दिवशीच उरलेलं पॅकेट टाकून दिलं. मच्छर मारायच्या अगरबत्त्या त्याहून वाईट, त्यातल्या कित्येकांवर कीटकनाशकाचा रजिस्ट्रेशन नंबरच नसतो, म्हणजे आत काय आहे देवाला ठाऊक. लिक्विड मशिनमध्ये धूर नाही पण तेही कीटकनाशकच आहे, लावलंच तर खोली बंद करून तासभर लावा, मग बंद करून खिडकी उघडा आणि मग झोपा.

खरा उपाय जुनाच आहे, मच्छरदाणी आणि खिडकीला जाळी. आमच्या तीन खिडक्यांना वेल्क्रोवाली जाळी दोन तासांत बसली. आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, म्हणजे पिंप, बादल्या, कूलर, कुंडीखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे सगळं रिकामं करून घासून कोरडं करायचं. घासायचं यासाठी की डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

अगरबत्ती-धूप बंद करा असं मी कोणाला सांगणार नाही, आमच्याकडेही लागते. फक्त आता एकच लावतो, खिडकीपाशी लावतो आणि दम्याचं माणूस त्या खोलीत नसताना लावतो. दिवाळीला मात्र सापाची गोळी घरात आणू नका. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने आणि पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सहा प्रकारचे फटाके जाळून मोजलं होतं, त्यात सगळ्यात जास्त बारीक कण या गोळीतून निघाले, माळेपेक्षाही जास्त. आपण ती आवाज होत नाही म्हणून लहानांच्या हातात देतो आणि ती पोरं खाली वाकून, अगदी तोंड जवळ नेऊन बघत बसतात.

गॅस गिझर, हे कृपया नीट वाचा.

दर थंडीत पेपरात बातमी येते, बाथरूममध्ये आंघोळीला गेलेली मुलगी, नवीन लग्न झालेलं जोडपं, दार तोडलं तेव्हा उशीर झाला होता. बंद बाथरूममध्ये गॅस जळतो, ऑक्सिजन कमी पडला की नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा 200 पटीहून जास्त घट्ट त्याला धरतं, त्यामुळे आधी डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळून जातात आणि कडी काढायची ताकदच राहत नाही. एलपीजी असो की पाइपचा गॅस, दोन्हीत हेच होतं.

काय करायचं, तर गिझर बाथरूमच्या बाहेर, गॅलरीत किंवा मोकळ्या हवेच्या जागी बसवा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्या. प्लंबर म्हणेल की ताई आतच बसवू, पाइप कमी लागेल, त्याचं ऐकू नका. भाड्याचं घर असेल आणि मालक ऐकत नसेल तर बादली बाहेर भरून घ्या, गिझर बंद करा, मग आत जा. झडपांच्या खिडकीला थंडी लागते म्हणून पेपर किंवा थर्माकोल लावलेलं असेल तर आजच काढा. वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करा, ज्योत निळी हवी, पिवळी-नारिंगी दिसली तर वापरूच नका. थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणं हाही अगदी हाच प्रकार आहे. आणि कोणी असं पडलेलं दिसलं तर आधी स्वतः श्वास रोखून दार-खिडकी उघडा, त्या माणसाला बाहेर ओढा, ॲम्ब्युलन्ससाठी 108 ला फोन लावा.

स्वयंपाकघरात सगळ्यात मोठी काळजी शिशाची आहे. शिसं म्हणजे लेड. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की त्याची सुरक्षित पातळी अशी काही नाहीच. ते हळदीत कसं येतं, तर रंग पिवळाधमक दिसावा म्हणून लेड क्रोमेट लावतात. बांगलादेशात 2019 मध्ये बाजारातल्या हळदीच्या 47 टक्के नमुन्यांत ते सापडलं होतं, मग सरकारने धाडी घातल्या, लोकांना सांगितलं आणि 2021 पर्यंत ते शून्यावर आलं. म्हणजे ठरवलं तर होतं. आपल्याकडे तर सांगलीची हळद हाताशी आहे, सुटी पावडर घेण्यापेक्षा हळकुंडं घ्या आणि गिरणीत दळून आणा. हळकुंड घेताना जे जास्त चकचकीत पिवळं, पॉलिश केल्यासारखं दिसतं ते नको, जरा मळकट, मातकट असतं ते घ्या, मोडून आतला रंग बघा. मी दिवाळीनंतर एकदाच दोन किलो दळून आणते, वर्षभर पुरते. पावडर घरात असेलच तर काचेच्या ग्लासात पाणी घेऊन वर एक चमचा टाका आणि न ढवळता ठेवा, चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं होतं, सगळं पाणी गडद पिवळं झालं तर ती हळद नको. हे ढोबळ आहे, शिशाचा पक्का निकाल लॅबमध्येच लागतो.

शिशाचा दुसरा रस्ता भांड्यांचा. भंगार ॲल्युमिनियम वितळवून केलेली स्वस्त, वजनावर मिळणारी, शिक्का नसलेली भांडी घेऊ नका, त्यात काय काय वितळलंय कोणाला माहीत, आणि त्यात आमटी, चिंचेचं सार, टोमॅटो असं आंबट शिजवलं की धातू उतरतो. स्टील किंवा लोखंड बरं. पितळेच्या पातेल्याला कल्हई करून घेत असाल तर कल्हईवाल्यासमोर उभं राहा आणि शुद्ध कथीलच लाव असं सांगा, पैसे जास्त घेतले तरी द्या, कारण स्वस्त पडावं म्हणून कथलात शिसं मिसळलं जातं आणि मग कल्हईचा उपयोगच राहत नाही.

तिसरा रस्ता भिंतीचा. घराच्या रंगात शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, वर नको असा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे, म्हणजे त्याआधीचे ऑइलपेंट, विशेषतः खिडक्या-दारांचे पिवळे, लाल, नारिंगी, त्यात शिसं असू शकतं. दिवाळीआधी पेंटर येतो आणि कोरड्या पॉलिश पेपरने खसाखसा घासतो, सगळ्या घरात पीठ उडाल्यासारखं होतं, ती धूळ मुलांच्या पोटात जाते. त्याला सांगा पाणी मारून ओलं घास. मुलांना आणि गरोदर बाईला तेवढे दिवस दुसरीकडे पाठवा, आणि नंतर झाडू न मारता दोनदा ओल्या फडक्याने पुसा. नवा डबा घेताना त्यावर लेडचं प्रमाण लिहिलंय का बघा, नियमाने लिहावं लागतं.

बाकी स्वयंपाकघरातलं पटापट सांगते. टपरीवरून गरम चहा प्लास्टिकच्या पिशवीत पार्सल आणणं बंद करा, स्टीलचा छोटा थर्मास न्या. कागदी कपालाही आतून प्लास्टिकचा थर असतो, आयआयटी खरगपूरने 2020 मध्ये बघितलं तर 100 मिली गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवल्यावर सुमारे 25,000 प्लास्टिकचे कण त्यात उतरले. वडापाव वर्तमानपत्रात घेऊ नका, शाईतलं रसायन गरम तेलात लगेच उतरतं, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या 2018 च्या पॅकेजिंगच्या नियमात हे चालतच नाही. मी पिशवीत एक डबा ठेवते, आमच्या वडेवाल्या काकांना आता सवय झालीय, ते स्वतःच डबा मागतात. नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नका, आणि भाकरीला तर लोखंडी तवाच.

आंबे. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला देशात बंदी आहे, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, तरी पेटीत कागदाची पुडी सापडतेच. पिकवायला इथिलिन गॅस 100 पीपीएमपर्यंत चालतो, तो वेगळा. पेटी सगळी एकसारखी पिवळी आणि वास मात्र नाही, देठापाशी कडक, कापल्यावर आत आंबट, असं असेल तर सावध व्हा. त्यापेक्षा ओळखीच्या बागायतदाराकडून कच्चे घ्या आणि घरी पेंढ्यात अढी लावा, आठ-दहा दिवस थांबावं लागतं पण खोलीत शिरल्यावर जो वास येतो ना तो पुडीच्या आंब्याला कधीच येत नाही.

कपाटातल्या डांबरगोळ्या काढून टाका. नॅप्थलिन असतं त्यात, आणि ज्या बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं त्यांना अशा कपड्यांत गुंडाळलं तर रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. आजीच्या पेटीतलं दुपटं न धुता बाळाला गुंडाळायची आपल्याकडे पद्धतच आहे, म्हणून सांगितलं. कपडे कडक उन्हात घालून कडुलिंबाची सुकी पानं किंवा वेखंड ठेवा. कापूर ठेवलात तर मुलांच्या हाताला लागेल असा नको, गिळला तर फिट्स येतात.

धान्याला बोरिक पावडर चोळायची सवय बऱ्याच घरात आहे. डाळ-तांदूळ धुतल्यावर जाते पण गहू आपण न धुताच दळतो, म्हणजे ती पोळीत येते. एरंडेल चोळा, दहा किलोला अर्धी वाटी पुरे, कडक ऊन दाखवा आणि पत्र्याच्या कोरड्या डब्यात भरा. आणि ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, ज्या गोदामात वापरतात, त्या घरात एक सुद्धा नको. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी गॅस निघतो, धान्याच्या पोत्यांशेजारी झोपलेली माणसं त्याने गेलेली आहेत आणि त्यावर उतारा नाही. ढेकणांसाठी पेस्ट कंट्रोलवाला बोलावला तर आधी औषधाचं नाव विचारा, डब्याचा फोटो घ्या, तो गोळ्या ठेवतो म्हणाला तर परत पाठवा.

कीटकनाशकाच्या डब्यावर त्रिकोण असतो, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. गावाकडे फवारणी करत असाल तर हे पाठ हवं. 2017 मध्ये यवतमाळमध्ये कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो हॉस्पिटलमध्ये होते. कपाशी डोक्याएवढी वाढलेली असताना वर तोंड करून फवारू नका, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, दोन-तीन औषधं एका पंपात घालू नका, फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत धुवू नका, आणि रिकामा डबा पाण्याला वापरू नका, भोकं पाडून टाका.

गोरं करणाऱ्या क्रीमचं एकच सांगते. पार्लरमध्ये बिनालेबलची, आठ दिवसांत फरक दाखवणारी डबी मिळाली तर त्यात पारा असायची दाट शक्यता, आणि पारा किडनी खराब करतो. केरळात मलप्पुरममध्ये 2023 मध्ये अशा क्रीममुळे किडनीचे पेशंट सापडले होते. लग्नसराईत मुली सर्रास घेतात, त्यांना थांबवा.

घराबाहेरचं. आमच्या सोसायटीत वॉचमन रोज सकाळी पानांचा ढीग पेटवायचा, त्यात दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, चपलाही असायच्या. तो धूर सरळ पहिल्या मजल्यावर. राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळल्यास 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये दंड सांगितलाय, ती माहिती आम्ही मीटिंगमध्ये ठेवली. पण खरं काम दंडाने झालं नाही. वॉचमनदादांना विचारलं तर ते म्हणाले, ताई, पानं ठेवू कुठे, घंटागाडीवाला घेत नाही. मग मागच्या कंपाउंडला विटांचा उघडा हौद बांधला, पानं, वर थोडी माती, आठवड्याला पाणी, सहा महिन्यांत काळं खत निघालं. दादांना त्या कामाचे वेगळे पैसे ठरवले, आणि धूर बंद झाला.

सिमेंटचे पत्रे बदलत असाल तर त्यात बहुतेकदा ॲसबेस्टॉस असतं, म्हणजे फुफ्फुसाला घातक असे बारीक तंतू, म्हणून ते पत्रे हातोड्याने फोडू नका, ड्रिल मारू नका, पाणी मारून ओले करा आणि अख्खे उतरवा. सेल, ट्यूबलाइट, जुनी औषधं, रंगाचे डबे हे घरगुती घातक कचऱ्यात येतं आणि नियमाप्रमाणे वेगळं द्यायचं असतं, पुण्यात ‘स्वच्छ’ नावाच्या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई ई-कचरा घेतात, तुमच्या शहरात वॉर्ड ऑफिसला विचारा. पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर झाडू मारू नका, खिडकी उघडा, पंखा बंद करा, दोन पोस्टकार्डांनी थेंब गोळा करून झाकणाच्या बरणीत भरा, बारीक कण चिकटपट्टीने उचला.

आणि आम्ही डोंबिवलीकर. 2020 मध्ये आमच्या एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता, 2016 च्या आणि 2024 च्या मे महिन्यातल्या स्फोटांनी लांबलांबच्या बिल्डिंगच्या काचा फुटल्या. तारापूर, लोटे, महाड, कुरकुंभ, जिथे केमिकल झोन आहे तिथल्या लोकांना रात्री दोनचा तो वास माहीत आहे. नुसतं ग्रुपवर लिहून काही होत नाही. आम्ही एक वही केलीय, तारीख, वेळ, वास कसला, सडलेल्या अंड्यासारखा की नेलपेंटसारखा, वारा कुठून येतोय, कोणाला काय त्रास झाला. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला तक्रार त्याच वेळी करायची आणि तक्रार नंबर वहीत लिहायचा, कारण सकाळी इन्स्पेक्शनला माणूस येईपर्यंत वास गेलेला असतो. महिनाभराची वही आणि पंधरा जणांच्या सह्या घेऊन गेलो तेव्हा पहिल्यांदा आम्हाला कोणी बसा म्हटलं. कारखान्याला कशाची परवानगी आहे ते संमतीपत्र मंडळाच्या वेबसाइटवर मिळतं, नाही मिळालं तर माहिती अधिकारात मागा.

गळती झालीच तर धुराकडे बघायला धावू नका. वाऱ्याच्या आडव्या दिशेने लांब जा, निघता येत नसेल तर घरात राहून खिडक्या, एसी, एक्झॉस्ट बंद करा, फटींना ओले टॉवेल लावा, नाकावर ओला रुमाल धरा. क्लोरिन हवेपेक्षा जड असतो, तेव्हा तळघरात नाही, वरच्या मजल्यावर जा.

आमच्या फ्रिजवर आता एक कागद चिकटवलाय. तातडीच्या मदतीचा 112, ॲम्ब्युलन्सचा 108, आणि दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा 1800 116 117, हा फुकट आहे आणि चोवीस तास चालू असतो. खाली आईने स्वतःच्या हाताने लिहिलंय, ॲसिड, रॉकेल, फिनेल पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, मीठ-पाणी पाजायचं नाही, बाटली बरोबर घेऊन हॉस्पिटलला जायचं.